स्पेअर पार्टचा स्टॉक कॉम्प्युटरवर टाकताय? मग या चुका टाळा

जळगाव, धुळे, शिरपूर, शहादा, चाळीसगाव, कुठंही जा, मोटार-पंपाचं, ट्रॅक्टरचं नाहीतर दालमिलच्या मशिनरीचं सामान विकणारं दुकान असलं की सगळा हिशोब मालकाच्या डोक्यात असतो. कोणती बेरिंग कशाला बसते, कोणता ऑईल सील दुसऱ्या कंपनीच्या पंपाला लावून काम भागतं, कोणता पट्टा कोणत्या कोपऱ्यात पडलाय, सगळं तोंडपाठ. मालक लग्नाला गेला की काऊंटरवरच्या पोऱ्याचे दर पाच मिनिटाला फोन. मग कोणीतरी म्हणतं सॉफ्टवेअर घ्या, दिवाळीला घेतलं जातं आणि होळीपर्यंत त्याच्यावर फक्त बिलं फाटत असतात, स्टॉक परत वहीतच. मग सॉफ्टवेअरला शिव्या. पण भो, सॉफ्टवेअर बदलून काही होत नाही, कारण गडबड बहुतेक वेळा माल भरतानाच झालेली असते. अशी बिघडलेली खाती लाईनीवर आणणं हेच माझं काम आहे म्हणून सारख्या सापडणाऱ्या चुका इथे लिहितोय. लेखात आकडे मराठीत आहेत, तुमच्या कॉम्प्युटरात तसे टाकू नका, का ते पुढे येईलच.

मशीनच्या नावाने पार्ट टाकणे

ही सगळ्यात मोठी चूक, बाकीच्या अर्ध्या चुका हिच्यातूनच निघतात. यादीत लिहिलेलं असतं "थ्रेशर बेरिंग", "गिरणी बेरिंग", "छोटी मोटार बेरिंग". तीन आयटम. आणि ड्रॉवर उघडला तर तिन्हीकडे तीच ६२०५ नंबरची बेरिंग. आता १२ नग आले तर ते कुठे चढवायचे? काही जण तिन्हीकडे १२-१२ चढवतात, मग कॉम्प्युटर म्हणतो ३६ आहेत. काही जण ५, ४, ३ असे वाटून टाकतात, मग थ्रेशरच्या सीझनला पाच संपल्या की स्क्रीनवर शून्य, गिऱ्हाईक परत गेलं, आणि ड्रॉवरमध्ये सात पडलेल्या.

पार्टचं नाव म्हणजे पार्टवर जो नंबर ठोकलेला आहे तो. नगांची संख्या फक्त त्या एकाच नावापुढे. कशाला बसतो ही माहिती वेगळी ठेवायची. एक्सेलमध्ये करत असाल तर तीन शीट करा: पहिल्यात पार्ट, दुसऱ्यात मशीन-मॉडेल, तिसऱ्यात नुसत्या जोड्या, एका ओळीत एक पार्ट आणि एक मशीन. ६२०५ पाच मशीनला बसत असेल तर तिसऱ्या शीटमध्ये पाच ओळी. एकाच खान्यात स्वल्पविराम देत पाच मशीन कोंबू नका, नंतर "या मॉडेलला काय काय लागतं" असं उलटं शोधायला गेलात की काहीच धड सापडत नाही.

एचएसएन कोडवर गट पाडणं ही पण तीच चूक, वेगळ्या कपड्यात. ८४८२ म्हणजे बॉल आणि रोलर बेरिंग सगळ्याच, तो टॅक्ससाठी आहे. त्याच्यावरून ड्रॉवर ओळखता येत नाही.

नंबर अर्धवट लिहिणे

बेरिंगचा नंबर नुसतं नाव नाही, त्यात माप आहे. शेवटचे दोन आकडे गुणिले पाच म्हणजे आतलं भोक मिलिमीटरमध्ये. ०४ म्हणजे २०, ०५ म्हणजे २५, असं पुढे. त्याच्या खाली हा हिशोब लागू नाही, ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. म्हणजे ६२०५ आणि ६३०५ दोन्हीचं भोक २५ च, पण ६२०५ बाहेरून ५२ आणि जाडी १५, ६३०५ बाहेरून ६२ आणि जाडी १७. शेतकरी शाफ्टचं माप घेऊन येतो "भो, पंचवीसनी बेरिंग पायजे", पोऱ्या पंचवीस सर्च करतो, पहिली दिसेल ती देतो, आणि संध्याकाळी ती बेरिंग परत काऊंटरवर. म्हणून भोक, बाहेरचं आणि जाडी असे तीन वेगळे कॉलम ठेवा. जुन्या मशीनचा नंबर घासून गेलेला असतो तेव्हा वर्नियर लावून तीन मापं टाकली की नंबर आपोआप सापडतो.

आणि नंबरामागची अक्षरं खाऊ नका, भानगड तिथेच आहे. झेडझेड म्हणजे दोन्हीकडून पत्र्याचं झाकण, टू आरएस म्हणजे दोन्हीकडून रबरी सील, सी३ म्हणजे आतली सैलाई नेहमीपेक्षा जास्त, गरम होणाऱ्या मोटारीला बहुतेक हीच लागते. त्यात कंपन्यांची भाषा वेगवेगळी. रबरी सीललाच एनएसके डीडीयू म्हणते आणि एनटीएन एलएलयू म्हणते, पत्र्याच्या झाकणाला एसकेएफ टूझेड लिहिते. तुमच्या यादीत ही सगळी वेगवेगळी नावं वेगवेगळे आयटम म्हणून पडलेली असतात आणि एकमेकांना ओळखतच नाहीत. त्याला एकच इलाज, कंपनीचा नंबर एका कॉलममध्ये आणि आपला दुकानाचा एकच ठरलेला नंबर दुसऱ्या कॉलममध्ये. सर्च आपल्या नंबरवर.

हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही बरं का. अमेरिकेत बंदुकीची काडतुसं घरी परत भरणारे हौशी लोक आहेत (आपल्याकडे १९५९ च्या आर्म्स ॲक्टमुळे लायसन्सशिवाय तसलं काही बनवता येत नाही), त्यांच्या काडतूस भरायच्या प्रेसमध्ये काडतुसाचं बूड धरायला एक छोटी खाचेची चकती असते, शेल होल्डर. .३०८, .३०-०६, .२४३, .२७० या चारही काडतुसांचं बूड सारख्या मापाचं, म्हणून चकती एकच चालते. पण तीच चकती आरसीबीएस कंपनीकडे ३ नंबर, लीकडे २ नंबर, हॉर्नडीकडे १ नंबर. ज्याने आपल्या यादीत नुसतं "शेल होल्डर ३" लिहिलं त्याने कंपनी बदलली की घोटाळा झालाच म्हणून समजा. तिथे काडतूस, इथे थ्रेशर, यादीचं दुखणं तेच.

"बसतं" आणि "चालतं" एकाच कॉलममध्ये

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये पर्यायी मालाची सोय असते, आणि लोकं भराभर टिकमार्क करत सुटतात. ६२०५ उघडी (झाकण-सील काही नसलेली), ६२०५ झेडझेड, ६२०५ टू आरएस, सगळ्या एकमेकीला पर्याय. मापाने बसतात हे खरंय. पण गिअरबॉक्समध्ये उघडी बेरिंग आतल्या तेलावर चालते, तिथे सीलबंद घातली तर ते तेल आत पोचत नाही. थ्रेशरच्या भुश्यात रबरी सीलचीच लागते, तिथे उघडी दिली तर सीझन काढत नाही. आणि रबरी सील आतल्या कड्याला घासत असल्यामुळे जोरात फिरणाऱ्या जागी ती जास्त तापते, तिथे पत्र्याचं झाकण बरं.

म्हणून पर्याय नेहमी एका दिशेने लिहायचा. "याच्या जागी ते चालतं" याचा अर्थ "त्याच्या जागी हे चालतं" असा होत नाही. आणि साखळी तर अजिबात लावू द्यायची नाही. कोणीतरी अडल्या वेळी उघडीच्या जागी झेडझेड दिलेली असते, दुसऱ्याने झेडझेडच्या जागी टू आरएस लिहिलेली असते, सॉफ्टवेअर दोन्ही जोडून गिअरबॉक्सला टू आरएस दाखवायला लागतं आणि पोऱ्या बिचारा स्क्रीनवर विश्वास ठेवतो. तिसऱ्या शीटमधल्या प्रत्येक जोडीपुढे दोन खाने वाढवा: मापाने बसतं का, कामाला चालतं का. शिवाय कोणी सांगितलं ते लिहा, कंपनीचं कॅटलॉग, फिटर, का नुसता अंदाज. अंदाजावरच्या ओळी वेगळ्या रंगात ठेवल्या की पुढे भांडणं वाचतात.

बोल्टच्या आट्यांच्या बाबतीत तर अंदाज चालतच नाही. जुन्या मशिनरीत अर्ध्या इंचाचा बोल्ट दोन जातीचा निघतो, बीएसडब्ल्यूला (जुनी ब्रिटिश जात) इंचात १२ आटे आणि यूएनसीला (अमेरिकन जात) १३. नट पहिले काही आटे मजेत फिरतो आणि मग अडकतो, आणि पान्याने जोर केला की गेलाच. यादीत नुसतं "अर्धा इंची बोल्ट" लिहून ठेवू नका.

एक्सेलचा आगाऊपणा

३/८ टाईप केलं की एक्सेल म्हणतो ३ ऑगस्ट. १/२ टाकलं की १ फेब्रुवारी. नंबराच्या सुरुवातीचं शून्य गायब. दोन्हीकडे आकडे आणि मधे ई असलेला पार्ट नंबर असेल तर त्याची भलीमोठी संख्या करून ठेवतो. हसू नका, याच सवयीला कंटाळून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी माणसाच्या काही जीन्सची नावं बदलली, कारण मार्च आणि सेप्टने सुरू होणारी नावं तारखा होऊन बसत होती. तुमची पार्ट लिस्ट त्याच्यापुढे काय.

माल भरायच्या आधी तो कॉलम टेक्स्ट करून घ्या. आधी, नंतर नाही, कारण एकदा उडालेलं शून्य नंतर टेक्स्ट करून परत येत नाही. कंपनीकडून सीएसव्ही फाईल आली तर डबल क्लिक करून उघडू नका, डेटा मेनूतून आत घ्या आणि तिथेच कॉलमचा प्रकार सांगा.

पार्ट डोळ्यासमोर दिसतोय आणि सर्चमध्ये सापडत नाही, हा फोन मला कायम येतो. तेव्हा पहिल्यांदा आकडे बघा, मोबाईलच्या मराठी कीबोर्डवरून टाकलेला ६२०५ आणि इंग्रजी आकड्यातला ६२०५ सर्चच्या लेखी सहसा दोन वेगळ्या गोष्टी असतात. मग नंबराच्या शेवटी राहिलेली स्पेस, ती ट्रिम फॉर्म्युल्याने जाते, पण वेबवरून कॉपी केलेली एक चिवट स्पेस असते ती ट्रिमला दाद देत नाही, तिला फाइंड-रिप्लेसने काढावं लागतं. मग शून्याच्या जागी इंग्रजी ओ. आणि हे सगळं ठीक असूनही व्हीलुकअप (एका शीटमधला नंबर दुसऱ्या शीटमध्ये शोधणारा फॉर्म्युला) हात वर करत असेल तर एका शीटमध्ये नंबर संख्या म्हणून आहे आणि दुसरीकडे टेक्स्ट म्हणून, बाकी काही नाही.

किट फोडणे

पंपाच्या सील किटमधला एक ओरिंग पायजे असतो, गिऱ्हाईक ओळखीचं, किट फोडून ओरिंग दिला जातो. स्क्रीनवर किट पूर्ण. पुढच्या आठवड्यात तेच किट दुसऱ्याला विकलं, तो चोपड्याला जाऊन पंप उघडून बसला आणि ओरिंग नाही. किट फोडलं की लगेच किट एकने कमी आणि आतले सुटे नग वाढवायचे, मगच विक्री टाकायची. सॉफ्टवेअरमध्ये याची वेगळी एंट्री असते, ती सापडत नसेल तर फोडलेल्या किटचा एक वेगळा डबाच करा.

मापाचं पण तसंच. ग्लँड डोरी (पंपाच्या शाफ्टभोवती गळती थांबवायला भरतात ती) किलोवर येते आणि तुकड्यावर जाते, पट्टे सेटमध्ये येतात आणि लोकं एकच मागतात. खरेदीचं माप आणि विक्रीचं माप दोन्ही आधी ठरवून टाका.

आधीच घोळ झाला असेल तर

सगळं पुसून नव्याने सुरू करायची घाई नको. स्टॉक मायनसमध्ये दिसत असेल तर बहुतेक वेळा माल विकून झाल्यावर खरेदीचं बिल चढवलेलं असतं, किंवा खरेदी एका नावावर आणि विक्री दुसऱ्या नावावर झालेली असते. आकडा हाताने सरळ करू नका, आधी डबल नावं शोधून एकत्र करा, मायनस अर्ध्याच्या वर तिथेच मिटतो. मग मोजणी, पण पूर्ण दुकानाची नाही. एक रॅक घ्या, सकाळी शटर उघडायच्या आधी मोजा, चढवा, रॅकवर तारखेची चिठ्ठी लावा, दुसऱ्या दिवशी दुसरा रॅक. कापसाच्या सीझनमध्ये जिनिंगवाले रांगेत उभे असताना हे काढू नका, पावसाळ्यात मोटारी बंद असतात तेव्हा काढा. आणि सुरू करायच्या आधी बॅकअप पेनड्राईव्हवर घ्या, त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राईव्हवर ठेवलेला बॅकअप कॉम्प्युटर जळाला की सोबतच जातो, आणि आपल्याकडचं व्होल्टेज तर तुम्हाला माहितीच आहे.