घर भरत चाललंय आणि खरेदी थांबत नाही? या चुका टाळा

माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ३८ कोऱ्या वह्या होत्या. त्यातल्या ११ वह्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. एकीच्या पहिल्या पानावर तारीख घातलेली, पुढे सगळी पानं कोरी. ज्या दिवशी मी त्या मोजल्या, त्याच संध्याकाळी एकोणचाळिसावी घेऊन आले. मोजताना जी बोचणी लागली ती घालवायला मी पुन्हा दुकानातच गेले होते. हे माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला. पसारा कसा आवरावा यावर भरपूर लिहिलं जातं. पसारा घरात शिरतो त्या क्षणाबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आपल्याकडे साठेबाजी म्हटलं की नफ्यासाठी माल दडवणारा व्यापारी डोळ्यांसमोर येतो. इथे विषय वेगळा आहे. वस्तू टाकवत नाही, टाकायचं नुसतं मनात आलं तरी जीव कासावीस होतो, आणि पलंग, टेबल, खुर्च्या अशा वापरायच्या जागाच वस्तूंखाली जातात, असा हा त्रास. तो गंभीर झाला की त्याला ‘होर्डिंग डिसऑर्डर’ म्हणतात. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेने २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र निदान म्हणून जागा दिली. त्याच पुस्तिकेनुसार हा त्रास असलेल्यांपैकी साधारण ८० ते ९० टक्के लोक गरजेपेक्षा जास्त वस्तू घरात आणतही असतात. म्हणजे न टाकणं आणि आणत राहणं ही बहुतेकांच्या बाबतीत एकाच त्रासाची दोन अंगं आहेत. खाली लिहिलेल्या चुका निदान झालेल्यांच्याही होतात आणि ‘थोडी जास्तच हौस आहे’ असं म्हणणाऱ्यांच्याही.

चूक : आधी घर रिकामं करू, खरेदीचं नंतर बघू

वरचा नळ सोडून ठेवायचा आणि खाली पिंप उपसत बसायचं, असा हा प्रकार. सुट्टी काढून चार दिवस राबायचं, दहा पोती बाहेर काढायची, आणि दोन-तीन महिन्यांत घर पुन्हा होतं तिथे. शिवाय मोकळा झालेला कप्पा स्वस्थ बसू देत नाही. ‘आता जागा आहे ना’ हे वाक्य तो कप्पाच आपल्याला सुचवतो.

माझं सांगणं असं : पहिला महिना पसाऱ्याला हात लावू नका. घरात येणारी प्रत्येक वस्तू फक्त लिहून ठेवा. काय आलं, कुठून आलं, आणि ती घेण्याआधीच्या तासाभरात काय घडलं होतं. हा तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि लोक नेमका तोच सोडून देतात. मी ही नोंद त्या तारीख घातलेल्या वहीतच सुरू केली. तीन आठवड्यांनी तिसरा रकाना सलग वाचला तर तिथे दोनच गोष्टी फिरून फिरून येत होत्या : कामावर कुणी चूक काढली तो दिवस, आणि रविवारची संध्याकाळ. वह्यांचा काही संबंधच नव्हता. ज्या दिवशी हे दिसलं त्या दिवशी माझं काम निम्मं सोपं झालं, कारण आता राखण करायची ती आठवड्यातल्या दोन-तीन तासांची, सगळ्या आयुष्याची नाही.

चूक : ‘या वेळी मन घट्ट करीन’

मन घट्ट करून दुकानात जायचं, दात-ओठ खात फिरायचं आणि शेवटी ‘एवढं एकच’ म्हणत बाहेर पडायचं. नाहीतर दुकानाच्या वाटेलाच जायचं नाही. सुरुवातीचे काही आठवडे वाट बदलणं ठीकच, त्याने श्वास घ्यायला उसंत मिळते. पण जन्मभर वाट बदलत राहता येत नाही, आणि फोन उघडला की दुकान समोरच असतं.

खरेदीची ऊर्मी लाटेसारखी असते : चढते, माथ्यावर थांबते, ओसरते. व्यसनमुक्तीवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट यांनी ही लाट न थोपवता, तिच्यावर स्वार होऊन ती ओसरू देण्याची पद्धत रुजवली. साठवणुकीच्या त्रासावर दीर्घकाळ संशोधन केलेले रँडी फ्रॉस्ट आणि गेल स्टेकेटी यांच्या उपचारातही असाच एक सराव आहे : काहीही न घेता परत यायचं म्हणूनच बाजारात जायचं. तो पायरीपायरीने करतात. आधी दुकानासमोरून नुसतं जायचं. मग आत फेरी मारून यायचं. मग आवडती वस्तू बघायची, हातात घ्यायची, परत जागेवर ठेवायची.

माझी तिसऱ्या पायरीची पहिली खेप सांगते. बरोबर मैत्रीण होती, पैसे आणि कार्ड घरी ठेवली होती. निळ्या कापडी पुठ्ठ्याची वही, शिवलेली बांधणी, मध्ये पातळ फीत. पानावरून अंगठा फिरवला. शून्य ते दहामध्ये ओढ किती, असं मैत्रिणीने विचारलं. मी म्हटलं, नऊ. चार मिनिटांनी विचारलं, नऊच. मनात एकच घोळत होतं : ही शेवटची आहे, उद्या मिळणार नाही. हाताला घाम. वही जागेवर ठेवली आणि तिच्यापासून दोन हातांवर उभी राहिले. अकराव्या मिनिटाला सहा. विसाव्याला तीन, आणि मला चहा हवा होता, वही नको होती.

यात दोन गोष्टी सांभाळा. एक, ओढ शिगेला असताना दुकानातून पळ काढू नका. तसं केलं तर ‘पळालो म्हणून सुटलो’ एवढंच मन शिकतं, आणि पुढच्या वेळी तेच दुकान तितकंच जड जातं. आकडा निदान निम्म्यावर येऊ द्या, मग निघा. दोन, हातात घ्यायची पायरी शेवटीच ठेवा. वस्तू नुसती हाताळली तरी ती आपली वाटू लागते, हे ग्राहकांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या जोअ‍ॅन पेक आणि सुझॅन शू यांनी २००९ मध्ये प्रयोगांतून दाखवलं आहे. आणि एकदा आपली वाटली की सोडताना ती वस्तू राहत नाही, नुकसान होऊन बसते. ज्यांना आधीच काही सोडवत नाही, त्यांना हे दुप्पट जाचतं. म्हणून पहिल्या खेपांना हात मागे बांधून फिरा, खरोखर.

चूक : फक्त पैसे मोजून घेतलेल्या वस्तू मोजणं

‘मी तर हल्ली काही घेतच नाही’ असं मनापासून म्हणणाऱ्यांच्या घरातही वस्तूंचा ओघ चालू असतो. एकावर एक मोफत, नमुन्याच्या बाटल्या, कार्यक्रमात मिळालेल्या पिशव्या, शेजाऱ्यांनी टाकायला काढलेली खुर्ची, माहितीपत्रकं. फुकट ते पौष्टिक अशी म्हणच आहे आपल्यात. फुकटच्या वस्तूला पावती नसते, म्हणून खिशाचा लगामही नसतो. जागा मात्र ती विकतच्याइतकीच अडवते. नोंदवहीत याही वस्तू लिहा.

‘कुणाला तरी द्यायला होईल’ म्हणून घेतलेल्या भेटवस्तू हाही याच वर्गातला मोठा चोरदरवाजा. नाव ठरलेलं नसेल, दिवस ठरलेला नसेल, तर ती भेट नव्हे, ती तुमचीच वस्तू आहे.

चूक : ‘उपयोगी आहे का?’ हा प्रश्न विचारणं

या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘हो’ येतं. ज्यांना साठवायची सवय असते त्यांना एका वस्तूचे दहा उपयोग दिसतात. तो खरंच एक गुण आहे, त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. पण या गुणापुढे हा प्रश्न टिकत नाही. त्याऐवजी असं विचारा : आज रात्री झोपताना ही वस्तू नेमकी कुठे असेल? ‘घरात कुठेतरी’ हे उत्तर धरायचं नाही. कप्पा सांगता आला पाहिजे, आणि तो आत्ता रिकामा असला पाहिजे. अशी किती घरात आहेत? आकडा सांगता येत नसेल तर आज घेऊ नका, घरी जाऊन मोजा. ही समोर दिसली नसती तर मी मुद्दाम शोधायला निघाले असते का?

आणखी एक प्रश्न आहे, जरा दुखवणारा. ही वस्तू माझ्यासाठी घेते आहे, की मला जी व्हायचं आहे तिच्यासाठी? मला वह्या नको होत्या. मला लिहिणारी बाई व्हायचं होतं, आणि वही घेतली की दोन तास तरी मी ती झाले असं वाटायचं. कुणाकडे लोकरीचे गुंडे असतात, कुणाकडे व्यायामाचं सामान, कुणाकडे भाषा शिकायची पुस्तकं. त्या ढिगाखाली एक इच्छा दबलेली असते आणि ती खरी असते. म्हणून ‘कशाला हा कचरा घेतलास’ हे वाक्य एवढं लागतं. त्या इच्छेसाठी आज १५ मिनिटं द्या : घरातल्याच लोकरीचे चार टाके घाला, घरातल्याच वहीत अर्धं पान लिहा. पुष्कळदा दुकानाची ओढ तिथेच सैल होते. नाही झाली, तरी निदान ओढ कशाची होती ते तरी कळतं.

चूक : ‘एक आणलं की एक काढीन’

ज्याला टाकणं जड जात नाही त्याच्यासाठी हा नियम उत्तम आहे. आपल्यासाठी तो फसवा आहे. आणायची वस्तू आज येते, काढायची वस्तू ‘बघू’ म्हणून राहते, आणि वर नियम मोडल्याची टोचणी. क्रम उलटा करा. आधी त्याच प्रकारची एक वस्तू घराच्या उंबऱ्याबाहेर गेली पाहिजे. दाराशी ठेवलेल्या पिशवीत नव्हे, दुसऱ्याच्या हातात किंवा कचऱ्याच्या गाडीत. त्यानंतरच नवीनसाठी बाहेर पडायचं. पुष्कळ वेळा जुनी सोडवत नाही म्हणून नवीन राहून जाते, आणि तेही चालेल.

चूक : फोनवरची टोपली म्हणजे खरेदी नव्हे, असं समजणं

थोडक्यात सांगते. साठवलेला कार्ड नंबर काढून टाका, सवलतींच्या सूचना बंद करा, रात्री झोपेच्या आधी खरेदीचं अ‍ॅप उघडू नका. ‘टोपलीत टाकून तीन दिवस थांबा’ हा सल्ला चांगला आहे, पण टोपलीत २०० वस्तू साचल्या तर तोही एक साठाच झाला. दर आठवड्याला ती पूर्ण रिकामी करायची. पुसताना छातीत धस्स झालं तर कागदावर आकडा लिहा आणि लाट ओसरेपर्यंत बसा. घरबसल्या होणारा हा चांगला सराव आहे.

चूक घरच्यांची : पाठीमागे फेकून देणं

तुमच्या घरात असं कुणी असेल तर हे तुमच्यासाठी. ती व्यक्ती गावाला गेली असताना खोली साफ करू नका. हेतू कितीही चांगला असो, विश्वास तुटतो, आणि त्या धास्तीने साठवण आणखी वाढू शकते, तीही लपवून. टोमणे, हिशेब काढणं, पाहुण्यांसमोर बोलणं यानेही काही साधत नाही. ज्याने साधतं ते अगदी साधं आहे : ‘शनिवारी तू सरावाला जाणार ना, मी येऊ बरोबर?’ आणि दुकानात उपदेश न करता नुसता आकडा विचारत शेजारी उभं राहणं. माझ्या मैत्रिणीने त्या वीस मिनिटांत तोंडातून दुसरा शब्द काढला नाही. तिचे ते उपकार मी विसरणार नाही. एकाच बाबतीत वाट पाहू नका : शेगडीजवळ कागद-कपड्यांचे ढीग असतील, दारापर्यंतची वाट अडली असेल किंवा वयस्कर माणूस अडखळून पडेल अशी स्थिती असेल, तर तेवढी जागा त्यांना सोबत घेऊन लगेच मोकळी करा.

चूक : सगळं स्वभावावर ढकलणं

खरेदी एकाएकी वाढली असेल तर डॉक्टरांना विचारा. पार्किन्सन्सच्या काही औषधांनी, विशेषतः प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांनी, काहींमध्ये खरेदी किंवा जुगार आवरेनासा होतो. असं दिसलं तर डॉक्टरांना लगेच सांगा, पण गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. झोप कमी, उत्साह अचाट आणि खर्च बेसुमार असं एकदम दिसलं तर तो बायपोलर आजारातल्या उन्मादाचा टप्पा असू शकतो. तिथे वर लिहिलेल्या युक्त्या पुरणार नाहीत. नैराश्य आणि एडीएचडी (लक्ष एका जागी टिकवणं, आवर घालणं जड जाण्याचा त्रास) हेही साठवणुकीबरोबर पुष्कळदा आढळतात, आणि त्यांच्यावर उपचार झाल्याशिवाय नोंदवही भरणंसुद्धा अनेकदा जमत नाही. कर्ज, लपवाछपवी, घरात कुणाला बोलावता न येणं, यातलं काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञांकडे जा. या त्रासासाठी खास बेतलेली कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं टप्प्याटप्प्याने बदलायला शिकवणारा संवादातून होणारा उपचार, आहे. तिला महिने लागतात. बाजारातला सराव हा तिचाच एक भाग असतो.

आणि तरीही घेतलंत तर

घसरणार. मीही घसरते. तेव्हा सगळ्यात मोठी चूक ही की वस्तू घरात आणून, लेबल कापून, कुणाला दिसायच्या आत कपाटात कोंबायची. पिशवी उघडू नका. बिल आतच राहू द्या आणि पिशवी दाराजवळ, येता-जाता पायात येईल अशी ठेवा. परत करायची शेवटची तारीख पिशवीवरच मोठ्या अक्षरात लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी, पोटात काही गेल्यावर, पुन्हा एकदा आकडा विचारा. तीनच्या खाली असेल तर त्याच दिवशी परत करून या. दुकानदार काय म्हणेल ही लाज पहिल्या दोन-तीन वेळांपुरतीच वाटते. दुकान परत घेत नसेल तर ते बिल नोंदवहीत चिकटवा आणि तिसरा रकाना त्याच रात्री भरा.