राजधान्यांच्या क्रमाने मराठा इतिहास संग्रहालय पाहताना

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजच्या आवारातील मराठा इतिहास संग्रहालय दालनांच्या क्रमाने पाहण्याऐवजी राजधान्यांच्या क्रमाने पाहावे. त्यासाठी राजगड, रायगड, जिंजी, सातारा ही नावे आधीच वहीत लिहून घ्यावीत आणि प्रत्येकासमोर कारण नोंदवावे. १६७४ चा राज्याभिषेक रायगडावर झाला. १६८९ मध्ये त्यालाच वेढा पडल्यावर राजाराम महाराज जिंजीला गेले. जिंजी १६९८ मध्ये पडली आणि १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला. कोल्हापूरची गादी या क्रमात बसत नाही, तिला वेगळे पान द्यावे.

येथील संग्रहाचा पाया दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी साताऱ्यात जमवलेला असल्यामुळे कागदपत्रांना सर्वाधिक वेळ द्यावा. मोडी वाचता आली नाही तरी बिघडत नाही. पत्राचा माथा आणि शेवट पाहावा. मुख्य मुद्रा माथ्याशी असते, तर मजकूर संपल्याची खूण म्हणून शेवटी मर्यादेची मुद्रा उमटवलेली असते. शाहू महाराजांच्या काळातील पेशव्यांच्या शिक्क्यावर आधी ‘राजा शाहू नरपति हर्षनिधान’ आणि त्यानंतर प्रधानाचे नाव येते. कारभार पुण्यातून चालत असतानाही राजधानी साताराच होती, हे त्या बोटभर शिक्क्यातून जितके स्पष्ट होते तितके एखाद्या जाडजूड ग्रंथातूनही होत नाही. पुणेकरांना हे जरा टोचेल, पण पाहावे.

तारखांपाशी घाई करू नये. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मात्र जानेवारी ते मार्चमधील बहुतेक तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. शुहूर सन म्हणजे जुन्या मराठी कागदांतली अरबी वळणाची कालगणना; त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. राज्याभिषेक शकाचे पहिले वर्ष १६७४ चे.

संस्था अध्यापनाची असल्यामुळे वेळ आणि छायाचित्रणाची परवानगी आधी विचारून घ्यावी. आवारातील पुरातत्त्व संग्रहालय स्वतंत्र विषय आहे. ते त्याच दिवशी उरकू नये.

त्याऐवजी शनिवारवाड्यात जावे. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या या वाड्याचे आतील महाल १८२८ च्या आगीत गेले, त्यामुळे तेथे जोती आणि हजारी कारंज्याचा हौद यांवरूनच मांडणी ओळखावी लागते. दिल्ली दरवाज्यातून आत शिरल्यावर आधी उजेडात जोत्यांची रेघ पाहावी, मग तटावर चढून तीच वरून जुळवावी.