पिवळं रानफूल ओळखायचं तर ते पालथं करून बघा

गणपतीच्या सुमारास ठाण्याजवळ येऊरला किंवा नवी मुंबईत खारघरच्या डोंगरावर गेलं, की दिसेल त्या पिवळ्या फुलाला सोनकी म्हणायची आपल्याला सवय आहे. त्यात कारळा असतो, पाथरी असते, बागेतून रानात सुटलेला पिवळा कॉसमॉसही असतो. रंगावर जाऊ नका. दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात ठेवा. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे फूल तोडायचं नाही. उकिडवं बसून देठ हलकेच वाकवला तरी सगळं दिसतं.

आधी हे सूर्यफुलाच्या कुळातलं आहे ना, ते पाहा. आपण जिला पाकळी म्हणतो ते इथे एक स्वतंत्र फूल असतं, आणि अशा कितीतरी बारीक फुलांचा तो गुच्छ असतो. टाकळा आणि कवळा इथेच बाजूला पडतात. ते शेंगांच्या कुळातले.

मधली चकती नाहीच, नुसत्या पट्ट्या आहेत, प्रत्येकीच्या टोकाला पाच बारीक दात आहेत आणि दुखावलेल्या पानातून पांढरा चीक येतोय? मग ती पाथरी किंवा तिची भावंडं.

चकती असेल तर पानं बघा. सोनकीची एकाआड एक, कारळ्याची निदान खालची तरी समोरासमोर. कॉसमॉसचीही समोरासमोर, पण बारीक चिरलेली.

आता फूल पालथं करा. माझ्या मते खरी ओळख इथेच पटते. सोनकीच्या पाठीला अरुंद हिरव्या पट्ट्यांची एकच ओळ असते, सगळ्या सारख्या उंचीच्या, कुडाच्या कामट्यांसारख्या शेजारी शेजारी उभ्या. कारळ्याला बाहेरून पाच रुंद, चक्क पानासारखी पानं असतात. एकदा ही दोन्ही शेजारी ठेवून पाहिलीत, की पुन्हा गल्लत होत नाही.

सोसायटीच्या कुंपणालगत जमिनीवर पसरलेली, चकचकीत पानांची पिवळी फुलं मात्र सिंगापूर डेझीची. ती मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, आणि पेरापेराला मुळं धरत पसरते.

पाथरीची भाजी करतात म्हणून दुसरं काही चाखून बघू नका. सोनकीच्या गणातल्या वनस्पतींत यकृताला घातक द्रव्यं असतात.

तरीही शंका उरली तर बी बघा. सोनकीचं बी म्हातारी होऊन उडतं, कारळ्याचं चटणीत असतं तसंच काळं, गुळगुळीत. अजून बी धरलं नसेल, तर जागा लक्षात ठेवून नवरात्रात पुन्हा या.