परदेशी शिकायला निघालात? औषधांच्या पिशवीतल्या या चुका टाळा

जुलै लागला की ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या औषधांच्या दुकानात ठरलेली यादी येते. मुलगा मागे मोबाइलमध्ये डोकं घालून उभा आणि आई काउंटरवर, "अझिथ्रोमायसिनच्या चार स्ट्रिप द्या, तिकडे डॉक्टर फार महाग." लोणचं, गोडा मसाला, कुकर हे सगळं काट्यावर तोलून भरलेलं असतं. औषधं मात्र अंदाजपंचे.

अझिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकचा साठा नेऊ नका. कुठला आजार होणार हे माहीत नसताना त्यावरचं औषध आधीच ठरवण्यात काय अर्थ? साधं सर्दी-पडसं विषाणूमुळे होतं, त्याला अँटिबायोटिकने काहीच फरक पडत नाही.

कापलेल्या स्ट्रिप नेऊ नका. "सहाच द्या" म्हटलं की आम्ही कात्री चालवतो. मग औषधाचं नाव एका तुकड्यावर राहतं आणि मुदतीची तारीख दुसऱ्यावर. कस्टम्सच्या माणसापुढे ती नुसती पांढरी गोळी. अख्खी स्ट्रिप, मूळ खोकं, बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी एकत्र ठेवा आणि रोजची औषधं हातातल्या बॅगेत घ्या. चिठ्ठी लेटरहेडवर टाइप केलेली हवी, त्यात औषधाचं मूळ नाव आणि डोस हवा. थायरॉइडच्या गोळीचं थायरोनॉर्म हे ब्रँडचं नाव सांगितलं तर तिकडचा फार्मासिस्ट बघत राहील. लेव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम म्हटलं की काम होतं.

इथे सर्रास चालणारं औषध तिथे चालेलच असं नाही. निमेसुलाइड या वेदनाशामकाला अमेरिकेत कधी मान्यताच मिळाली नाही. जपानमध्ये १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारा घटक) असलेली सर्दीची गोळी नेता येत नाही. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी, चिंतेवरचं अल्प्राझोलाम यांवर तर बहुतेक देशांत कडक निर्बंध आहेत. झोपेची किंवा मानसोपचाराची औषधं चालू असतील तर त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर नियम बघा. "शेजारच्याने नेलं होतं, काही झालं नाही" हा पुरावा नव्हे.

सगळ्यात धोक्याची चूक तिथे पोचल्यावर होते. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत आणि कॅनडात असिटामिनोफेन म्हणून मिळतं. ताप आला की पोरं इथून नेलेली डोलो ६५० घेतात, रूममेटने दिलेलं टायलेनॉल घेतात, वर सर्दीचं औषध. तिन्हींत घटक तोच असू शकतो. मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर तो जाता कामा नये, नाहीतर यकृतावर बेततं, आणि पहिल्या दिवशी फारसं काही जाणवतही नाही. खोक्यामागचा बारीक मजकूर वाचायची सवय इथूनच लावा.

लसीकरण शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. बरीच अमेरिकी विद्यापीठं एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेलावरच्या लसीचे) दोन डोस मागतात आणि त्यांत किमान २८ दिवसांचं अंतर लागतं. मेनिंजायटिसची लसही अनेक ठिकाणी लागते. लहानपणी बीसीजी ही टीबीची लस घेतलेल्यांची टीबीची त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. तिथे आयजीआरए ही रक्ताची चाचणी चालते का, ते विद्यापीठाला आधीच विचारा. दातांची कामं मात्र इथेच उरका, बहुतेक विम्यांत दात वेगळे धरतात.

विम्याचे पैसे भरले म्हणजे काम झालं, असंही नाही. ब्रिटनच्या व्हिसासोबत विद्यार्थ्याला आरोग्य अधिभार भरावा लागतो, पण तिथे गेल्यावर जवळच्या जीपीकडे, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं काम उरतंच. ते पहिल्याच आठवड्यात करा, तापात फणफणत असताना नव्हे. किरकोळ दुखण्याला ब्रिटनमध्ये १११, जर्मनीत ११६११७ हा नंबर लावायचा. अमेरिकेत आधी विद्यापीठाचं आरोग्य केंद्र, मग अर्जंट केअर, म्हणजे तातडीच्या पण जिवावरच्या नसलेल्या दुखण्यांचा दवाखाना. इमर्जन्सी रूम खरोखरच्या संकटासाठी, कारण तिथलं बिल डोळे पांढरे करतं. पण छातीत कळ, श्वास लागणं, शुद्ध हरपणं यात बिलाचा विचार नको. युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिका-कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००.

तिकडच्या घरात फोडणीचा धूर झाला की आगीची सूचना देणारा अलार्म ठणाणा करतो, म्हणून त्याला प्लास्टिकची पिशवी बांधणारे महाभाग आहेत. तसं करू नका. एक्झॉस्ट लावा, खिडकी उघडा, फोडणी मंद आचेवर करा. कोळशाची शेगडी मात्र घरात कधीच पेटवू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग ना वास.

आता आईवडिलांसाठी. मूल अठरा वर्षांचं झालं की अमेरिकेतलं हॉस्पिटल तुम्हाला फोनवर काही सांगेलच असं नाही, फी तुम्ही भरत असलात तरी. म्हणून माहिती कोणाला द्यायची याचा फॉर्म मुलाने विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात भरून ठेवावा, आणि रूममेटचा नंबर घरी द्यावा. "तुमच्या मुलाला अटक झालीय, पैसे पाठवा" असा फोन आला तर तो कापा आणि आधी मुलाला, तो उचलत नसेल तर रूममेटला लावा. उचलला नाही म्हणून लगेच घाबरू नका. न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे आहे, आणि नोव्हेंबर ते मार्च साडेदहा. आपण सकाळचा चहा घेतो तेव्हा तिकडे रात्र असते, पोरगं लायब्ररीत तरी असेल नाहीतर झोपलेलं तरी.