इंजिन बांधल्यावर ट्रॅक्टर तापत होता, दोष पंख्यात निघाला

लायनर, पिस्टन, रिंगा, हेड गॅस्केट सगळं नवीन. मोकळा चालवला की तापमानाचा काटा मधोमध, पण रोटाव्हेटर जमिनीत टेकला की थोड्याच वेळात लाल पट्ट्यात. "रिंगा बसल्या नाहीत अजून, चालवत राहा," असं मला सगळे सांगत होते. नव्या इंजिनात घर्षण जास्त असतं हे खरं, पण पाणी उकळेपर्यंत तापणं मला पटेना.

आधी हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पट्टीची, शंका काढली. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडलं, चालू केलं, रेस दिली. गॅस्केटमधून गॅस येत असेल तर पाण्यात सतत बुडबुडे दिसतात, इथे नव्हते. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडून ते रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढून पाण्यात उकळला. त्यावर ८२ अंश कोरलेलं होतं, त्याच सुमाराला नीट उघडला. बेल्टही ताठ.

मग रेडिएटरच्या जाळीसमोर कागद धरला. चिकटला, पण धरून राहिना. पंखा उलटा बसवलेला होता! इथेच फसायला होतं: पंखा उलटा लावला तरी वारा त्याच दिशेने वाहतो, कारण पात्यांचा पीळ बदलत नाही. फक्त पात्याची फुगीर बाजू मागे, इंजिनकडे जाते आणि हवा कमी ओढली जाते. रिकाम्या ट्रॅक्टरला तेवढी पुरते, ओझ्याखाली नाही.

चार बोल्ट काढून पंखा फिरवला. आता भर उन्हात, काळ्या रानात रोटाव्हेटर चालवतानाही काटा हलत नाही. इंजिन पुन्हा खोलण्याआधी हे जरूर बघा, हेडचा खर्च वाचेल.