महाविद्यालयीन ग्रंथालयात ताज्या घडामोडी व नव्या पुस्तकांची शिफारस कशी करावी

ग्रंथालयाच्या दारापाशी ‘नवीन आगमन’ असा फलक लावून काचेच्या कपाटात दहा-बारा पुस्तके मांडली की शिफारशीचे काम झाले, असे अनेक महाविद्यालयांत समजले जाते. प्रत्यक्षात ते कपाट कुलूपबंद असते, वाचकाला मुखपृष्ठाखेरीज काही दिसत नाही आणि महिनाभराने तीच पुस्तके कोणाच्याही हाती न लागता मांडणीवर जातात. हे पुस्तक कोणी, कशासाठी वाचावे, हे जिच्यात सांगितलेले असते तीच खरी शिफारस. बातमीलाही हाच नियम लागू आहे. म्हणून दर पंधरवड्याला एकच पान काढावे, त्यात तीन-चार घडामोडी आणि पाच-सहा पुस्तके असावीत आणि प्रत्येक नोंद कोणत्या वाचकासाठी आहे ते स्पष्ट लिहावे, असे मी अनुभवाने सुचवतो.

सुरुवात पुस्तकांपासून न करता वाचकांपासून करावी. प्रत्येक विभागात स्वतः जाऊन या सत्रात कोणत्या अभ्यासपत्रिका शिकवल्या जात आहेत, कोणाचे पीएच.डी.चे काम कोणत्या विषयावर चालू आहे, कोणाला संशोधन प्रकल्प मिळाला आहे, हे विचारून एका वहीत नोंदवावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रमांची रचना बदलली आहे आणि भारतीय ज्ञानप्रणालीसारखे नवे विषय आल्यामुळे ते शिकवणाऱ्या अध्यापकांना संदर्भग्रंथांची निकड अधिक भासते. ही वही दर सत्राच्या आरंभी अद्ययावत केली नाही, तर पुढचे सगळे श्रम अंदाजावर चालतात.

घडामोडींसाठी स्रोत मोजके पण भरवशाचे ठेवावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) परिपत्रके, आपल्या विद्यापीठाचे संकेतस्थळ, उच्च शिक्षणातील ग्रंथालयांना ई-साधने व जोडणी पुरवणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या सूचना आणि मागे घेतलेल्या शोधनिबंधांची नोंद ठेवणारा रिट्रॅक्शन वॉचचा विदासंच, एवढे आठवड्यातून एकदा पाहिले तरी बरेच साधते. हा विदासंच 2023 मध्ये शोधनिबंधांना डीओआय हे ओळखक्रमांक देणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेने घेतल्यापासून सर्वांना विनामूल्य खुला आहे आणि विज्ञान विभागांसाठी तो फार मोलाचा आहे, कारण मागे घेतलेल्या निबंधाचा आधार आपला संशोधक नकळत घेत असेल तर ते त्याच्या लक्षात आणून देणारा माणूस बहुधा ग्रंथपालच असतो. व्हॉट्सॲपवर फिरत आलेली सूचना मात्र मूळ परिपत्रक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नये.

अर्धवट बातमीने काय घोटाळा होतो, याची दोन उदाहरणे ताजी आहेत. संशोधन नियतकालिकांची वर्गणी केंद्राने एकत्रितपणे भरण्याच्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी मंजुरी दिली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपयांची तरतूद झाली आणि 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके खुली होणार असे जाहीर झाले. ‘आता सर्वांना सर्व काही मोफत’ असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला. मंजुरी मात्र केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यासाठी होती. महाराष्ट्रात शिक्षणसंस्थांनी चालवलेली महाविद्यालये पुष्कळ असल्यामुळे आपले महाविद्यालय त्या यादीत आहे की नाही, हे तपासूनच बातमी द्यावी आणि नसल्यास महाविद्यालयांना ई-पुस्तके व ई-नियतकालिके पुरवणाऱ्या इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट योजनेतून काय मिळू शकते ते त्याच नोंदीत सांगावे.

दुसरे उदाहरण यूजीसी-केअर यादीचे, म्हणजे आयोगाने मान्य केलेल्या संशोधन नियतकालिकांच्या यादीचे. ही यादी बंद झाल्याचे आयोगाने फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर केले आणि नियतकालिकाची गुणवत्ता पारखण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. त्यानंतरही आमच्या सूचनाफलकावर जुनी यादी कित्येक आठवडे तशीच टाचलेली होती आणि एका तरुण अध्यापिकेने तिच्यावर विसंबून नियतकालिक निवडले. ती चूक माझी होती. तेव्हापासून प्रत्येक नोंदीखाली ती तपासल्याची तारीख लिहितो आणि कालबाह्य कागद त्याच दिवशी उतरवतो.

बातमी लिहिताना मथळा, तारीख, स्वतःच्या शब्दांत दोन-तीन ओळींचे सार आणि मूळ दुवा एवढेच द्यावे. ई-पेपरची अख्खी पाने पीडीएफ करून गटांवर टाकण्याची पद्धत बरीच रुळली आहे. तिच्यात स्वामित्वहक्काचा प्रश्न तर आहेच, शिवाय पानभर मजकुरातून कामाची ओळ शोधण्याचा भार वाचकावर पडतो. वाचकाचा वेळ वाचवावा, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र इथे शब्दशः लागू पडते.

पुस्तकांच्या बाबतीत इंग्रजी ग्रंथांची माहिती मिळवणे तुलनेने सोपे आहे. विद्यापीठीय प्रकाशनसंस्थांच्या विषयवार ई-मेल सूचना, ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मधील परीक्षणे आणि विनामूल्य ग्रंथांसाठी डीओएबी (डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस बुक्स) ही ऑनलाइन निर्देशिका यांवर बरेच भागते. मराठीत मात्र सर्व नव्या ग्रंथांची वेळेवर माहिती देणारे एकच ठिकाण नसल्यामुळे शोध चारी बाजूंनी घ्यावा लागतो. ‘ललित’ मासिक, ‘साधना’ साप्ताहिक, रविवारच्या पुरवण्यांमधील परीक्षणे आणि साहित्य संमेलनातील ग्रंथप्रदर्शन यांकडे लक्ष ठेवावे. पुण्याला जाणे झाले तर अप्पा बळवंत चौकातील विक्रेत्यांकडे तासभर उभे राहून पुस्तके चाळावीत. हातात पुस्तक घेऊन अनुक्रमणिका, संदर्भसूची आणि मधलेच एखादे पान वाचले की जे कळते, ते मलपृष्ठावरच्या प्रशंसेतून कधीच कळत नाही.

शिफारशीची नोंद अगदी नेमकी असावी. समजा, पाणीवाटपावरचे एक पुस्तक आले आहे. ‘अत्यंत उपयुक्त व संग्राह्य ग्रंथ’ असे लिहून कोणाचेच काम होत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘भूगोल, तृतीय वर्ष, जलव्यवस्थापन. चौथ्या प्रकरणातील तालुकावार तक्ते प्रकल्प अहवालासाठी वापरता येतील. भाषा सोपी आहे. संदर्भसूची मात्र तोकडी आहे. एक प्रत उपलब्ध, दाखल क्रमांक सोबत दिला आहे.’ उणीव लिहिण्यास संकोच करू नये. एकदा ती प्रामाणिकपणे लिहिली की पुढच्या वेळी केलेल्या कौतुकावर अध्यापक विश्वास ठेवतात.

हे पान वाचून आलेली मागणी ग्रंथालय समितीपुढे कशी जाते, यावर सगळे अवलंबून आहे. कोहा ही ग्रंथालय व्यवस्थापनाची संगणक प्रणाली वापरणाऱ्या ग्रंथालयांत वाचकाला ऑनलाइन तालिकेतूनच खरेदीची सूचना नोंदवता येते आणि तिची स्थिती त्याला कळवता येते. इतरांनी देवघेव विभागात साधी वही ठेवली तरी चालेल. मार्चअखेर जवळ आली की अनुदान संपवण्यासाठी विक्रेत्याने आणलेल्या गठ्ठ्यातून घाईने पुस्तके उचलली जातात आणि त्यांतील कित्येकांवर पुढे वर्षानुवर्षे एकही देवघेवीचा शिक्का पडत नाही. मागण्यांची यादी वर्षभर तयार होत गेली, तर मार्चमध्ये तीच समितीपुढे ठेवता येते आणि निवडीमागचे कारणही प्रत्येक नावासमोर लिहिलेले असते.

पुस्तक दाखल झाले की ते प्रथम मांडणीवर लावू नये. ज्यांनी मागितले त्यांच्या नावाची चिठ्ठी आत ठेवून ते देवघेवीच्या टेबलावर आठ दिवस राखून ठेवावे आणि त्यांना त्याच दिवशी निरोप द्यावा.