जलपर्णीने भरलेल्या तलावात मोठी मरळ : काठावरून गळ टाकण्याआधीची तयारी

मोठी मरळ गळाला लागते बऱ्याच जणांच्या, काठावर येते थोड्यांच्याच. जलपर्णीखाली दबा धरून बसलेली चार किलोची मरळ आमिष उचलते, वळते आणि पहिल्या दोन सेकंदांत देठामुळांच्या गुंत्यात डोकं खुपसते. त्यानंतर मासा चार किलोचा असला तरी ओढायचं असतं आठ-दहा किलोचं ओझं. म्हणून तयारी मासा बाहेर काढण्यापासून सुरू करायची: आधी उतरण, म्हणजे मासा काठावर काढायची जागा, मग दोरी, मग काठी, आणि आमिष सगळ्यात शेवटी. दुकानात गेलं की आपला हात नेमका आमिषांच्या खणाकडे जातो आणि दोरीला पैसे उरत नाहीत.

त्याच्याही आधी परवानगी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातले माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातले तलाव, कोणाचे नाहीत असं दिसतं, पण बहुतेक तलावांतल्या मासेमारीचा हक्क गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो आणि ढिवर कुटुंबांची रोजी त्यावर चालते. संस्थेच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना आदल्या आठवड्यात भेटा. किती माणसं येणार, मासा ठेवणार की सोडणार, किती पैसे द्यायचे, हे तेव्हाच बोलून घ्या. शिंगाडा लावला असेल तर तो कोणाचा आणि कुठवर आहे हेही विचारा. शिंगाड्याच्या वेलीत गळ अडकवून ओढणं म्हणजे दुसऱ्याच्या उभ्या पिकातून चालणं. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्याच्या हद्दीतला तलाव असेल तर तो विषय तिथेच संपला.

आदल्या दिवशी संध्याकाळी गळ न घेता तलावाला एक फेरी मारा. या फेरीत पहिल्यांदा शोधायची ती मासा काढायची जागा, मासा दिसला की नाही ते नंतर. पाळीला दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) असेल तर फटींत मासा उचलायची जाळी अडकते, आणि ओल्या शेवाळलेल्या दगडावर एका हातात वाकलेली काठी धरून खाली उतरणं धोक्याचं. सगळ्यांत चांगली जागा म्हणजे गुरं पाण्यावर येतात ती उतरण. तिथली जलपर्णी तुडवली गेलेली असते, उतार सौम्य असतो, आणि गुरं नेहमी येतात म्हणून तिथला गाळही बऱ्यापैकी बसलेला असतो. अशी जागा नसेल तर दहा मीटर सुंभाला लोखंडी दाताळं बांधून, संस्थेला विचारून, दीड-दोन मीटर रुंद पट्टा आदल्या संध्याकाळीच मोकळा करून ठेवा. सकाळी त्याच वेळी दाताळं मारलं तर तासभर तरी मासा त्या काठाला येत नाही. पावसाळ्यात मात्र हे करू नका. त्या दिवसांत पाणपक्षी वनस्पतींवरच घरटी बांधतात, आणि गोंदियाकडच्या तलावांत सारसाची जोडीही असू शकते. सारस दिसला की ती बाजूच सोडून द्यायची.

त्याच फेरीत मरळ कुठे आहे तेही कळतं, कारण तिला लपता येत नाही. कल्ल्यांच्या जोडीला डोक्यात हवेतून श्वास घ्यायची सोय असलेला हा मासा, आणि अधूनमधून वर येऊन हवा घेतल्याशिवाय तिचं चालत नाही. दाट जलपर्णीतही मध्येच एखादं पान हलतं, ‘गुळूप’ असा जाड आवाज येतो आणि दोन-चार बुडबुडे वर राहतात. छोट्या मरळीचा आवाज टचकन येतो, मोठीचा खोल. पंधरा मिनिटं एका जागी उभं राहून असे आवाज मोजा आणि जवळच्या खुणा, वाळलेलं झाड, बेशरमचं झुडूप, तुडूम (पाणी सोडायचं दार), लक्षात ठेवा. रात्रभर वनस्पती प्राणवायू वापरत राहतात, त्यामुळे अशा तलावात पहाटे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. बाकीचे मासे तेव्हा सुस्तावतात, पण हवेवर जगणारी मरळ त्याच वेळी शिकारीला निघते. पहाटेची वेळ चुकवू नका, ती याच कारणासाठी.

वनस्पती कोणती आहे ते पाहिल्याशिवाय सामान ठरवू नका. जलपर्णीचा थर तरंगता असतो, वाऱ्याने सरकतो. काल संध्याकाळी दिसलेली भोकं सकाळी पलीकडच्या काठाला गेलेली असतात, म्हणून वाऱ्याची दिशाही टिपून ठेवा. कमळाच्या तलावात पानांमध्ये मोकळं पाणी मिळतं, पण देठ काटेरी आणि चिवट. दोरी एकदा दोन देठांभोवती फिरली की सुटत नाही. हायड्रिला ही पाण्याखाली वाढणारी वनस्पती. तो दुपारी पृष्ठभागाला टेकलेला दिसतो, पण त्याच्या खाली बऱ्याचदा पोकळी असते आणि मासा त्या सावलीत असतो. हिरवं तंतुमय शेवाळ सर्वांत त्रासाचं. आमिषाला दाढी येते, आणि दाढीवाल्या आमिषाकडे मरळ बघत नाही. शेवाळाचा काठ दिसला तर जागा बदला, सामान बदलून उपयोग नाही.

आता दोरी. इथे नायलॉन चालत नाही, कारण तो ताणला जातो आणि झटक्याची निम्मी ताकद त्या ताणातच विरते. विणलेली ब्रेडेड लाइन घ्या, ५० पौंडांची. कमळाचं पाणी असेल तर ६५. वेष्टणावरचा आकडा खरा धरू नका. घरी हुकाचा वजनकाटा खिळ्याला अडकवा, त्याला दोरीचं टोक पालोमर गाठीने बांधा, दुसरं टोक लाकडी दांड्याला आठ-दहा वेढे देऊन हळूहळू ओढा. हाताला गुंडाळून कधीही ओढू नका, ही दोरी मांस कापते. १० किलोच्या आत गाठ सुटली तर गाठ नीट बसली नाही, पुन्हा थुंकी लावून ओली करून आवळा. गाठ राहून मधेच दोरी तुटली तर ती रीळच बाजूला ठेवा. मासा वीस-पंचवीस मीटरच्या पलीकडे धावत नाही, म्हणून स्पूलवर (रीलमधल्या दोरी गुंडाळायच्या चकतीवर) आधी थोडा नायलॉन आणि वर ७० ते ८० मीटर ब्रेड पुरे. नायलॉनचा थर खाली हवाच, नाहीतर ब्रेड स्पूलवर घसरून फिरते आणि ड्रॅग (ताण वाढला की दोरी सोडणारा रीलचा ब्रेक) बिघडलाय असं वाटत राहतं. निघायच्या आदल्या रात्री शेवटचे दोन मीटर चिमटीत धरून सावकाश ओढा. बोटाला कापसासारखं लागलं, तंतू उभे राहिलेले जाणवले, की तेवढा भाग कापून नवी गाठ मारा.

ड्रॅग वजनकाट्यावरच लावा: काटा ५ ते ६ किलो दाखवेल तेव्हा स्पूल सुटली पाहिजे. ‘मोठा मासा आहे, थोडं सैल ठेवू’ हा विचार मोकळ्या धरणात ठीक आहे. इथे सैल ड्रॅग म्हणजे माशाला गुंत्यात शिरायला दिलेली सवड. काठी सात ते साडेसात फुटी, हेवी, टोकाला जरा लवचीक आणि खालच्या दोन तृतीयांश भागात ताठ. रील बेटकास्टर असेल तर गिअर सातास एकच्या आसपास, स्पिनिंग असेल तर ४००० मापाची. दोन्ही चालतात, ज्यावर हात बसला आहे ती न्या.

आमिष: पोकळ रबरी बेडूक, साडेपाच-सहा सेंटिमीटरचा, १२ ते १८ ग्रॅम, पाठीला चिकटलेले दुहेरी गळ असलेला. जिवंत बेडूक लावू नका. आपला मोठा पिवळा बेडूक वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, आणि शेतातल्या किडींचा तो मोठा शत्रू आहे. रबरी बेडूक पाकिटातून काढून थेट वापरला तर पाचांतले तीन मासे सुटतात, याचं कारण मरळीचा जबडा. वरचा भाग जवळजवळ सगळा हाडाचा, आणि कंपनीने गळ शरीराला इतके घट्ट टेकवलेले असतात की ते हाडावरून घसरतात. पकडीने प्रत्येक टोक बाहेरच्या अंगाला दोन मिलिमीटर वाकवा, त्याहून जास्त नको, नाहीतर प्रत्येक पान धरेल. मग बेडूक अंगठा आणि तर्जनीत दाबा. शरीर चेपल्यावर दोन्ही टोकं पूर्ण उघडी पडली पाहिजेत. गळ नखावर टेकवून हलकेच ओढा. तो घसरला तर बोथट, रुतला तर ठीक. बोथट गळाला बारीक कानस आतून बाहेर तीन-चार वेळा फिरवा.

पुढची परीक्षा बादलीत. बेडूक पाण्याखाली धरून दाबा आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहा. शेपटीकडून येणं साहजिक आहे, तिथून गळाचा दांडा जातो. नाकाकडून येत असतील तर नाकाशी सुपरग्लूचा एक थेंब देऊन रात्रभर सुकवा. तलावावर दर आठ-दहा फेकींनंतर पोट दाबून पाणी काढायचंच, नाहीतर बेडूक कलंडतो आणि गळ खाली येतात. दाट जलपर्णीवर हलका बेडूक पानावर पान टाकल्यासारखा जातो, खाली मरळीला काही जाणवतच नाही. त्यासाठी सायकलच्या मागच्या चाकातले पाव इंची छर्रे तीन-चार पोटात सरकवा. एकेक साधारण एक ग्रॅमचा, वजनही वाढतं आणि खुळखुळतोही. मोकळ्या पाण्याच्या काठाला तो नागमोडी चालावा म्हणून एक पाय दुसऱ्यापेक्षा सेंटिमीटरभर आखूड कापा. रंगावर फार वेळ घालवू नका: एक काळा, एक हिरवा-पिवळा, एक पांढऱ्या पोटाचा, आणि प्रत्येकाची एक जोडी. हायड्रिलाच्या पोकळीसाठी पाच-सहा इंची मऊ रबरी मासा आणि ५/० मापाचा ऑफसेट (मानेशी वाकवलेला) गळ, टोक रबरात लपवलेलं, एवढं वेगळ्या पाकिटात असू द्या.

पिशवीत लांब चोचीची पक्कड, वायर कटर, जबडा धरायची ग्रिप आणि जाड सुती हातमोजा. मरळीला खरे दात आहेत, बोट तोंडात घालून गळ काढायला जाऊ नका. कटर विसरू नका: गळ स्वतःच्या हातात गेला तर दांडा कापण्याशिवाय गत्यंतर नसतं. दोन मीटर दांड्याची, रबराची जाळी. सुती जाळीत दुहेरी गळ असा अडकतो की मासा बाहेर आणि तुम्ही दहा मिनिटं जाळी सोडवत. ओलं पोतं किंवा फोमची चटई, प्रथमोपचार, तीन लिटर पाणी, आणि १५ मीटर दोर. गाळात माणूस रुतला किंवा कमळाच्या देठांत पाय अडकला तर आत जाऊन वाचवता येत नाही, दोरच टाकावा लागतो. याच कारणाने आमिष अडकलं म्हणून पाण्यात उतरायचं नाही. दोनशे-चारशेचा बेडूक गेला तर गेला.

पायात गमबूट. पाळीवरच्या गवतात घोणस असते, पाण्याच्या कडेला दिवड. दिवड बिनविषारी, पण पाय टाकायच्या आधी गवतात साधी लाकडी काठी आपटायची सवय दोन्हींसाठी. चंद्रपूर-गोंदियाकडे जंगलाला लागून असलेल्या तलावावर वाघाचं काय चाललंय ते गावात विचारून जा, एकटे जाऊ नका, आणि दिवेलागणीची वाट न पाहता उजेडातच सामान आवरा. एप्रिल-मेच्या वळवात आभाळ भरलं की कार्बनची काठी आधी खाली ठेवा, वीज तिच्यातून सहज जाते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये असू द्या. पोलरॉइड चष्मा हवाच, आणि उभं राहायची जागा अशी निवडा की सकाळची सावली तुमच्या मागे पडेल. पाळीवरून पाण्यावर पडलेली लांब सावली हलली की जवळची मरळ नाहीशी होते.

एक गोष्ट घरी अंगणात सराव करून न्यावी: झटका. बेडकावर पाणी फुटलं की हात आपोआप उडतो, आणि मरळीच्या तोंडातून बेडूक परत येतो. तिने तो धरून खाली न्यायला हवा. काठीचं टोक खाली करा, सैल दोरी गुंडाळा, ‘एक, दोन’ म्हणा, वजन जाणवलं की दोन्ही हातांनी वर झटका आणि लगेच सलग गुंडाळणं. डोकं वर आलं की ते खाली जाऊ द्यायचं नाही. मित्राला दोरीचं टोक धरायला सांगून वीस वेळा करा. फेक वीस मीटरच्या आत ठेवा. त्यापुढे दोरी पानांत रुतून कोन करते आणि झटका माशापर्यंत पोहोचतच नाही. बुडबुड्यांवर थेट टाकू नका, दोन-तीन मीटर पलीकडे टाकून तिथवर आणा.

तरीही ती गुंत्यात गेलीच, तर उचक्या देऊ नका. काठी खाली करा, तिचं टोक गुंत्याच्या रेषेत धरा, हातमोजा घालून दोरी सरळ रेषेत हळू पण सतत ताणून ठेवा. मिनिटा-दोन मिनिटांत बऱ्याचदा अख्खा गठ्ठाच उपटून सरकू लागतो, किंवा ती श्वासासाठी वर येते आणि तेव्हा दोन हात जागा मिळते. काठापाशी काठीने उचलायचं नाही, काठी तिथेच मोडते. जाळी पाण्यात ठेवून मासा तिच्यावर आणायचा.

जून ते ऑगस्टमध्ये पाण्यावर लाल-केशरी पिलांचा पुंजका दिसला तर त्याच्या खाली आईबाप राखण करत असतात आणि पुंजक्यात पडलेल्या कशावरही तुटून पडतात. तिथे गळ टाकू नका. राखणदार गेले की शेकडो पिलं घटकाभरात बाकीच्या माशांच्या पोटात जातात. इतर वेळीही तीन किलोच्या पुढची मरळ सोडावी, तीच तलावाचं बियाणं आहे. सोडायची असेल तर ओल्या पोत्यावर आडवी ठेवा, अंगावरचा चिकट थर पुसू नका, एका हाताने जबडा आणि दुसऱ्याने पोट धरून पाण्यात उतरवा, फेकू नका.

परत निघताना तुटलेल्या दोरीचा इंचन् इंच खिशात भरा, बगळ्याच्या पायात ती एकदा गुंतली की सुटत नाही. जाळी, बूट आणि दाताळं पाळीवरच झटकून घ्या आणि घरी दोन दिवस कडक उन्हात वाळवा. जलपर्णीचा बोटाएवढा कोंब दुसऱ्या तलावात पडला तर तिथेही पुढच्या वर्षी हाच थर दिसेल. बेडकांची पोटं पिळून, गळ पुसून उघड्या डब्यात ठेवा. बंद डब्यात रात्रीतून गंज धरतो, आणि पुढच्या खेपेला नखावरची परीक्षा तिथेच फसते.